सलोख्यासाठी पैसा लावायचा तर नेमका कशावर? (सोलापूरकरांचे अनुभव हवेत)

टॉवेलवाला
मंडळी, नमस्कार. बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहितो.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत वडिलांचा टॉवेलचा छोटा कारखाना होता. ते गेल्यावर आम्ही तिघा भावंडांनी शेड विकली आणि आलेल्या पैशातला एक हिस्सा बाजूला काढून ट्रस्ट केला. वर्षाला साधारण १२ लाख रुपये खर्चायला मिळतात. वडिलांच्या मागांवर पद्मशाली होते, मोमीन होते, लिंगायत होते. दुपारचे डबे एकत्र उघडायचे आणि शेंगाची चटणी कुणाच्या घरची चांगली यावर रोज वाद व्हायचा. म्हणून ठरवलं की हा पैसा शहरात माणसं एकमेकांना धरून राहावीत यासाठीच वापरायचा.

गेल्या तीन वर्षांत दोन मोठे मेळावे घेतले, दरवर्षी मिश्र संघांचे क्रिकेट सामने घेतले, शाळांत चित्रकला स्पर्धा घेतल्या. गर्दी चांगली झाली. फोटो तर भरपूर आहेत.

मग गेल्या वर्षी आम्ही काम करतो त्याच भागात मिरवणुकीतल्या स्पीकरवरून बाचाबाची झाली. दगड पडले नाहीत, पण चार दिवस संध्याकाळी दुकानं लवकर बंद होत होती. आमच्या मेळाव्यात व्यासपीठावर हात हातात घेऊन उभ्या राहिलेल्या एका गृहस्थांना मी विचारलं, "तुम्ही पलीकडच्या चाचांना फोन नाही केला?" ते म्हणाले, "त्यांचा नंबरच नाही माझ्याकडे."

तेव्हापासून झोप उडाली आहे. ३६ लाख खर्च करून दोन माणसांकडे एकमेकांचा नंबर नाही. पुढची दहा वर्षं टिकेल असं काय करावं? कुणी केलेलं असेल, बघितलेलं असेल तर मोकळेपणानं सांगा. चुकलं तेही सांगा.

नवी_पेठ
विषय फार चांगला काढलात. वाचतोय.

सूपभर_विड्या
दादा, मी विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत वाढले. आई पंचवीस वर्षं विड्या वळत होती. आमच्या गल्लीत एका संस्थेनं खोली भाड्यानं घेऊन केंद्र काढलं होतं. सहा शिलाई मशीन आणि संध्याकाळी पोरांचा अभ्यास. ते चालवायची एक अक्का, तेलुगू घरातली, पण उर्दू अशी बोलायची की आमच्या शेजारच्या आपा तिला माहेरची समजायच्या.

कागदावर ते शिवणकाम केंद्र होतं. बायका यायच्या त्या वेगळ्याच कारणानं. कारखान्यात विड्या जमा करून परत येताना सूप तिथेच टेकवायच्या आणि आज छाट (खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या) किती गेली ते सांगायच्या. मिळालेला पत्ता (विडीचं तेंदूपान) हजार विड्यांना पुरत नाही, मग पदरचे पैसे घालून विकत घ्यायचा नाहीतर कुणाकडून उसना घ्यायचा. तो उसना पत्ता त्या खोलीत मिळायचा. माझ्या आईनं आपांकडून घेतलाय, आपांनी आमच्याकडून. हिशेब कुठेही लिहिलेला नव्हता आणि तरी कधी चुकला नाही.

एकदा मोबाईलवर मेसेज फिरला की शाळेतून येताना एका पोरीची छेड काढली. दोन्ही समाजांची नावं घालून. दुपारी तीनला चौकात पोरं जमायला लागली. अक्कानं काय केलं, ती पोर, तिची आई, आणि ज्याचं नाव घेतलं होतं त्या मुलाची आई, तिघींना खोलीत बसवलं. चहा दिला. पोरगी म्हणाली, सायकलचा धक्का लागला, मी पडले, त्यानंच उचललं. मग दोन्ही आया बाहेर येऊन चौकात एकत्र उभ्या राहिल्या. दिवे लागायच्या आत चौक रिकामा.

अक्काला हे जमलं कारण सहा वर्षं ती रोज दोन ते सहा तिथे बसत होती. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाच्या सांगण्यानं कोण ऐकतं, तिला सगळं ठाऊक होतं. नंतर देणाऱ्यांचा विषय बदलला, आता पर्यावरणावर काम करायचं म्हणाले. अक्काला महिना नऊ हजार मिळत होते, ते बंद झाले. ती आता कापड दुकानात सेल्सवर उभी असते. खोलीला कुलूप आहे.

तुम्ही विचारलंत ना कशावर खर्च करावा. अक्काच्या पगारावर.

शेंगाचटणी
सूपभर ताई, डोळ्यात पाणी आणलंत.

भोंगा
माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. सलोखा पैशानं आणता येत नाही.

माझे वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. पहाटे भोंगा झाला की आमच्या चाळीतून एकाच वेळी पंधरा-वीस सायकली निघायच्या. साच्यावर, म्हणजे मागावर, शेजारी कोण उभा आहे, त्याची जात-धर्म काय, ते बघून चालायचंच नाही, कारण पगार दोघांच्या हातावर होता. मिल नव्वदच्या दशकात बंद पडली. त्यानंतर जो तो आपल्या माणसांत, आपल्या पेठेत राहायला गेला. सलोखा कमी झाला तो मेळावे कमी पडले म्हणून नव्हे, एकत्र काम करायची जागा गेली म्हणून.

आणि आपल्याकडे जे टिकलंय ते बघा. गड्ड्याच्या यात्रेत ग्रामदैवत सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात. वेगवेगळ्या समाजांना त्यांचा मान आहे, सहावा आणि सातवा मातंग समाजाकडे. यात्रेच्या कितीतरी आधीपासून पोरं सराव करतात, मग पांढरी बाराबंदी घालून ६८ लिंगांची प्रदक्षिणा. कुठल्या कंपनीच्या फंडावर हे उभं राहिलं? कुणाच्याच नाही. शतकानुशतकं चाललंय कारण प्रत्येकाला वाटतं की माझ्याशिवाय काठी उचलली जाणार नाही.

त्याच सुमारास १२ जानेवारीला हुतात्मा दिन. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. १९३१ साली चौघे येरवड्यात एकाच दिवशी फासावर गेले. या शहराला सलोखा बाहेरून शिकवायची गरज नाही.

सूपभर_विड्या
काका, तुमचं पटतंय आणि नाहीही. मिलचा भोंगा बंद झाल्यावर ती जागा कुणीतरी भरायला हवी होती ना? अक्काची खोली ही आमची लहानशी मिलच होती. ती भाड्यानं चालत होती, आणि भाडं पैशानंच भरावं लागतं.

भोंगा
हे बरोबर बोललीस पोरी. मानलं.

दोन_टक्के
मी मूळचा साखर पेठेतला, पुण्यात एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) विभागात काम करतो. देणाऱ्यांच्या बाजूची अडचण सांगतो.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. ज्या कामांवर खर्च करता येतो ती अनुसूची ७ मध्ये दिली आहेत. त्यात शिक्षण आहे, आरोग्य आहे, पर्यावरण आहे. 'सलोखा' हा शब्द कुठेच नाही. शिवाय अनेक वर्षं चालणारा प्रकल्प म्हणून दाखवलं तरी सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची जास्तीत जास्त तीन वर्षं. म्हणून प्रत्येक जण तीन वर्षांच्या चौकटीत विचार करतो आणि शेवटी मोजता येईल असं काहीतरी मागतो. मशीन किती, लाभार्थी किती. अक्कानं चौकातली गर्दी पांगवली हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

पण वाट आहे. त्याच अनुसूचीत सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, पारंपरिक कला आणि हस्तव्यवसाय आहेत, सामाजिक-आर्थिक मागासांची विषमता कमी करण्याची कामं आहेत. वाचनालय म्हणून खोली उघडा, विणकामाचं केंद्र म्हणून उघडा. आणि तीन वर्षं संपताना निघून जायच्या ऐवजी तेच काम पुढच्या टप्प्यात पुन्हा मंजूर करून घ्यायला कुणाचीही बंदी नाही. कंटाळा आड येतो, कायदा नाही.

दुसरा एक गैरसमज संस्थांचं फार नुकसान करतो. प्रशासकीय खर्चाची ५ टक्के मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. संस्थेच्या कार्यकर्त्यांच्या पगाराला नाही. तरी सर्रास सांगितलं जातं की "पगाराला पाच टक्क्यांवर देता येत नाही". टॉवेलवाले साहेब, तुमचा तर घरचा ट्रस्ट आहे. तुम्हाला ही बंधनंच नाहीत. तुम्ही दहा वर्षांचं पत्र देऊ शकता.

नवी_पेठ
५ टक्क्यांचं माहीतच नव्हतं. आमच्या मंडळाला एका देणगीदारानं हेच कारण सांगून शिक्षिकेचा पगार नाकारला होता.

काळा_कोट
सगळे गोड बोलतायत म्हणून एक कडू अनुभव.

आमच्या भागात देणगीतून समाजमंदिरासारखं सभागृह बांधलं. सर्वांसाठी. उद्घाटनाला सगळ्या समाजांचे प्रतिष्ठित. सहा महिन्यांत किल्ली एका पुढाऱ्याच्या घरी गेली. त्यांच्या ओळखीच्या लोकांची लग्नं, बारशी तिथे होतात. बाकीच्यांनी मागितलं की "त्या दिवशी बुक आहे". आधी त्या मोकळ्या मैदानात सगळ्यांची पोरं खेळायची. आता सभागृहच भांडणाचं कारण झालंय. म्हणजे देणगीनं सलोखा वाढला नाही, घटला.

म्हणून लाखाचा प्रश्न नंतर. आधी हे ठरवा की किल्ली कुणाकडे राहणार.

आणि दहा वर्षं बिनशर्त पैसे देण्याला माझा विरोध आहे. हिशेब नाही विचारला तर तीच ठरावीक चार माणसं पुढारी होतात.

दोन_टक्के
बिनशर्त म्हणत नाही मी. हिशेब दर तिमाहीला घ्या, कडक घ्या. पण काम काय करायचं ते दरवर्षी बदलायला लावू नका.

ठाणे_अंमलदार
पोलीस खात्यातून निवृत्त. सोलापुरातही नोकरी केली, नाव सांगत नाही.

शांतता समितीच्या बैठका कशा होतात ते आतून बघितलंय. सण आठ दिवसांवर आला की निरोप जातात. तेच चेहरे, तेच भाषण, वडापाव, चहा, फोटो. त्यातल्या निम्म्या लोकांचं गल्लीतली पोरं ऐकतही नाहीत. सणानंतर पुढच्या सणापर्यंत कुणी कुणाला भेटत नाही. टॉवेलवाल्यांच्या मेळाव्याचं झालं तेच.

याच्या उलट भिवंडी. १९७० आणि १९८४ ला तिथे भीषण दंगली झाल्या. १९८८ मध्ये सुरेश खोपडे साहेब तिथे पोलीस उपायुक्त म्हणून गेले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढारी वगळून साधी माणसं घेतली, दोन्ही समाजांची. आणि बैठका सणापुरत्या नव्हे, नियमित. नळाचं, गटाराचं, नवरा-बायकोचं भांडण, काहीही विषय. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. यंत्रमागाचं गाव, आपल्यासारखंच.

राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी देशातल्या शहरांचा अभ्यास केला, त्यांचाही निष्कर्ष याच वळणाचा. जिथे संघटना, धंदा, युनियन यांत दोन्ही समाज मिसळलेले, तिथे अफवेला आत शिरायला जागा मिळत नाही. लखनौमध्ये चिकनकारी भरतकामाच्या धंद्यात हिंदू व्यापारी आणि मुस्लिम कारागीर एकमेकांवर अवलंबून, हे त्यांनी दाखवलं. भोंगा साहेब मिलबद्दल बोलले ते याच्याशी जुळतं.

माझ्या अनुभवातलं एक सांगतो. रात्री दीड वाजता फोन आला तर उचलणारी माणसं प्रत्येक गल्लीत दोन असली की पुरतं. ती दोन माणसं घडायला वर्षं जातात.

शेंगाचटणी
अवांतर: भाकरी कडक हवी की मऊ यावर आमच्या कट्ट्यावर जुनं युद्ध आहे, त्यात मात्र धर्म-जात सगळं विसरून दोनच पक्ष पडतात. टॉवेलवाले, मेळाव्याऐवजी भाकरीची पंगत ठेवा, दहा वर्षं माणसं भांडायला का होईना, येत राहतील.

पूर्वभाग
कडक भाकरी. विषय संपला. महिनाभर टिकते, सलोखाही तसाच टिकावा.

बाकी गंमत सोडा. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं. ज्या दिवशी येतं त्या पहाटे गल्लीतली सगळी घरं रस्त्यावर. मोटार लावण्यावरून भांडणं तिथेच आणि बाळंतिणीच्या घरी आधी पाइप टाका म्हणणाऱ्या बायकाही तिथेच. तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू, चारी भाषांत शिव्या आणि चारी भाषांत हाका. माणसं एकत्र येतात ती असल्या कामाला. भाषण ऐकायला नाही.

लेस्टरकर
मी लष्कर भागातला, गेली अकरा वर्षं इंग्लंडमध्ये लेस्टरला आहे. २०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये इथे हिंदू आणि मुस्लिम तरुणांत तणाव झाला, तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. हे शहर एकोप्याचं उदाहरण म्हणून सांगितलं जायचं. त्या दिवसांत मला सारखं सोलापूर आठवत होतं.

इथल्या एका योजनेची माहिती देतो. बिग लोकल नावाचा उपक्रम, लॉटरीच्या निधीतून. इंग्लंडमधल्या १५० वस्त्या निवडल्या, ज्यांना आधी फारसा निधी मिळाला नव्हता अशा. प्रत्येक वस्तीला किमान १० लाख पौंड, १० ते १५ वर्षांत खर्चायचे. कशावर, ते तिथल्या रहिवाशांनी ठरवायचं. घाई नाही, मार्चअखेर संपवायची सक्ती नाही. काही ठिकाणी सुरुवातीची दोन-तीन वर्षं नुसती भांडणात गेली म्हणतात. पण देणारे पळून गेले नाहीत. मला त्यातली ही गोष्ट भावली की भांडायलाही वेळ दिला होता.

काळा_कोट
हे पटलं. पण १० लाख पौंड आणि वर्षाला १२ लाख रुपये यात फरक आहे.

टॉवेलवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बहिणीला फोनवर सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. सूपभर ताईंची अक्का ऐकून ती गप्पच झाली.

आम्ही दोघांनी कागदावर आकडे मांडले. दोन कार्यकर्त्या, महिना १८,००० प्रमाणे, वर्षाचे ४,३२,०००. खोलीचं भाडं ८,००० धरलं तर ९६,०००. चहा, वीज, पुस्तकं, किरकोळ दुरुस्ती मिळून ७२,०००. बेरीज ६ लाख. म्हणजे १२ लाखांत अशा दोन खोल्या होतात. किंवा एकच खोली आणि उरलेले सहा लाख दरवर्षी ठेवीत, म्हणजे दहा वर्षांनी आम्ही असलो-नसलो तरी खोली चालेल.

आमच्या एका मेळाव्याला मांडव, स्पीकर, जेवण, फ्लेक्स धरून पावणेचार लाख लागले होते. अक्काचा महिना नऊ हजार. तीन वर्षांहून जास्त पगार आम्ही एका संध्याकाळी उडवला. हे लिहिताना लाज वाटते आहे.

दोन_टक्के
लाज वाटून घेऊ नका, बहुतेक जण हा हिशेब मांडतच नाहीत. दुसरा पर्याय घ्या, एकच खोली आणि ठेव. पगार दरवर्षी वाढवावा लागेल हे आत्ताच धरा, नाहीतर पाचव्या वर्षी तीच बाई दुसरी नोकरी शोधेल.

मोजायचं काय, तर तुमच्याच पोस्टमध्ये उत्तर आहे. दरवर्षी गल्लीतल्या चाळीसेक घरांना दोन प्रश्न विचारा. पलीकडच्या समाजातल्या किती जणांचे नंबर तुमच्या फोनमध्ये आहेत? त्यातल्या कुणाला शेवटचा फोन कधी केला, आणि कशासाठी? उपस्थितीच्या रजिस्टरपेक्षा हे जास्त सांगेल.

ठाणे_अंमलदार
त्यात 'कशासाठी' महत्त्वाचं. रक्त हवं म्हणून केला असेल तर दहा मार्क.

रेनगर
उशिरा लिहितेय, पण मूळ प्रश्नाला धरून आहे.

मी कुंभारीच्या रे नगरमध्ये राहते. ३०,००० घरांची वसाहत, त्यातली पहिली १५,००० घरं १९ जानेवारी २०२४ ला दिली गेली. विडीवाल्या, यंत्रमागवाले, कचरा वेचणाऱ्या, रिक्षावाले, सगळे कष्टकरी. या घरांसाठी आमच्या लोकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढलेत, म्हणून मोर्चातली ओळख होती. पण शेजार म्हणून राहणं वेगळं. जुन्या वस्तीत माझी मुलगी कुणाच्याही घरी जेवायची. इथे पहिले काही महिने ती दाराच्या आत बसून असायची. समोरच्या दारातली मुलगीही तशीच बसलेली. दोघी एकमेकींकडे बघायच्या.

घर सरकारनं दिलं, कर्ज आम्ही फेडतोय. समोरच्या दाराशी बोलायला लावणारं कुणी नव्हतं. शेवटी त्या घरच्या आजींनी एक दिवस मेथीची जुडी निवडायला आमच्या ओट्यावर आणली, मग सुरू झालं.

गावात जिथे तडा गेलाय तिथे जा, नाही म्हणत नाही. पण जिथे हजारो घरं आत्ता नव्यानं शेजारी झाली आहेत तिथेही या. इथे अजून कुणाचं कुणाशी वाकडं नाही. आत्ता पोरांना बसायला एक खोली मिळाली तर पुढच्या वीस वर्षांचं काम होईल. तडा गेल्यावर सगळेच धावतात हो.

भोंगा
ताई, सोनं बोललीस. इथे भोंगा पुन्हा वाजवता येईल.

काळा_कोट
सहमत. फक्त किल्लीचं विसरू नका.

सूपभर_विड्या
मी काल अक्काला दुकानात जाऊन भेटले. हा सगळा धागा तिला वाचून दाखवला, गिऱ्हाईक नव्हतं तेवढ्यात. पहिल्यांदा म्हणाली, "आता नको गं, पुन्हा तीन वर्षांनी मला त्या बायकांना तोंड दाखवायचंय." दहा वर्षांचं लेखी पत्र मिळणार आहे का, असं तिनं विचारलंय. पत्र असेल तर येईन म्हणाली. आणि खोली कुठे घ्यायची ते बायकांना विचारून ठरवायचं, आधीच भाड्यानं घेऊन ठेवायची नाही, ही तिची अट.

टॉवेलवाला
पत्र मिळेल. आम्हा तिन्ही भावंडांच्या सह्यांचं, स्टँप पेपरवर. काळा कोट साहेब, मसुदा तुम्ही करून द्याल का?

रेनगर ताई, तुमचंही डोक्यात पक्कं बसलंय. पहिलं वर्ष अक्काच्या म्हणण्यानं चालू, तिच्या हाताखाली तुमच्याकडची एखादी मुलगी तयार झाली की दुसरी खोली तिकडे. तोवर ठेव थोडी कमी पडली तरी चालेल.

अक्कांना रविवारी सुट्टी असते का?

सूपभर_विड्या
रविवारी दुकान चालू असतं, सुट्टी सोमवारी. सोमवारी दुपारी दोन वाजता आमच्या घरी या. आपाही येणार आहेत. खोलीच्या किल्ल्या दोन करायच्या, एक आपांकडे आणि एक माझ्या आईकडे, असं दोघींनी आत्ताच ठरवून टाकलंय.

काळा_कोट
मसुदा घेऊन येतो. दोन वाजता.

शेंगाचटणी
चटणी माझ्याकडून. भाकरी कडकच आणतो.